शटरवाली खिडकी

पुढच्या खोलीत दादा फोटो काढतात आणि पडद्यामागच्या खोलीत ताई ते दुरुस्त करतात, अशी त्या स्टुडिओची ढोबळ वाटणी आहे. दादांचा संबंध जिवंत माणसांशी: खांदे सैल सोडा, इकडे बघा, हसू नका, हसलात तर कचेरीतले लोक फोटो परत पाठवतात. ताईंचा संबंध बहुतेक मेलेल्यांशी. फाटलेले, वाळवीनं खाल्लेले, काचेला चिकटलेले जुने फोटो लोक घेऊन येतात आणि ताई त्यातली माणसं परत उभी करतात. दादांचं म्हणणं, ताईंचं गिऱ्हाईक केव्हाही बरं. ऐन वेळी ते डोळे तरी मिटत नाही.

दोघं सख्खी भावंडं. स्टुडिओ वडिलांचा. ताई लहान असताना वडिलांच्या शेजारी बसून निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवायला शिकल्या आणि शेजारपाजारच्या बायकांच्या सुरकुत्या त्यांच्या परवानगीनं पुसू लागल्या. बाकीच्या वेळात घरातली जी वस्तू उघडता येईल ती उघडून बघणं, हा उद्योग. इस्त्री झाली, रेडिओ झाला, शेवटी वडिलांचा कॅमेरा झाला. कॅमेरा परत जोडल्यावर एक स्क्रू उरला आणि तरीही कॅमेरा ठणठणीत चालला. तेव्हापासून कारखानदार गरजेपेक्षा जास्त स्क्रू घालतात असं त्यांचं ठाम मत आहे आणि दादा त्यांना उचापतीबाई म्हणतात. लग्न ही एकच गोष्ट अशी, की ती उघडून बघावी असं ताईंना कधी वाटलं नाही.

स्टुडिओतला कॉम्प्युटर जुना झाला तेव्हा त्यातल्या सिस्टिमनं एके दिवशी निरोप दिला, की आता आमची नवी आवृत्ती या यंत्रावर चालणार नाही, तरी नवीन यंत्र घ्यावं. निरोपाची भाषा अदबीची होती, त्यामुळे दादा लगेच तयार झाले. ताईंनी मात्र कुठंसं वाचलं होतं, की जगभरातले लोक आपापल्या घरी बसून एक वेगळीच सिस्टिम बनवतात, ती जुन्या यंत्रावरही धावते, कुणालाही फुकट मिळते आणि तिचं आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येतं. फुकट या शब्दाकडे त्यांचं विशेष लक्ष गेलं नाही. उघडून बघता येतं, इथं त्या थांबल्या.

"फुकट बनवतात तर त्यांना मिळतं काय?" दादांनी विचारलं.

"मजा येत असेल."

"मजेसाठी लोक पत्ते खेळतात."

सिस्टिम बसली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे जे काही दिसतं, म्हणजे पट्ट्या, बटणं, खिडक्या, घड्याळ, ते हवं तसं बदलता येतं हे कळल्यावर ताईंनी ते बदललं. हवं होतं म्हणून नव्हे. बदललं तर काय होतं ते बघायला.

याचा पहिला फटका दादांना बसला. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक खोळंबलेलं, फोटो छापायचे, आणि दादा खुर्चीत बसून पडद्याकडे नुसते बघतायत.

"अगं, खालची पट्टी कुठे गेली?"

"डावीकडे. उभी केलीय."

"का?"

"आडवी का होती, ते कळेना म्हणून."

"आणि घड्याळ?"

"काढलं. भिंतीवर आहे की तुझ्यासमोर."

दादांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळ होतं. पण मुद्दा तो नाही हे त्यांना जाणवत होतं आणि मुद्दा काय ते सांगता येत नव्हतं. पुढं कधी पट्टी वर गेली, कधी दोन झाल्या, कधी एकही नाही. माउसचा बाण अंगठ्याएवढा झाला, मग पुन्हा लहान झाला. एकदा तर ताईंनी असं करून ठेवलं, की ज्या खिडकीवर बाण जाईल ती आपोआप जागी व्हायची. दादा एका गिऱ्हाइकाचं नाव टाईप करत असताना त्यांचा हात माउसला लागला आणि निम्मं नाव दुसऱ्याच खिडकीत गेलं. त्या दिवशी वहिनींनी मध्यस्थी केली. ताईंनी दादांसाठी वेगळं खातं उघडून दिलं. त्यात सगळं जिथल्या तिथं, आडवी पट्टी, घड्याळ, हिरव्या डोंगराचं चित्र. दादा आपल्या खात्यात शिरले की ताई म्हणतात, "आले संग्रहालयात."

अशा हिंडण्यातच त्यांना शटर सापडलं. माउसचा बाण चुकून खिडकीच्या वरच्या पट्टीवर होता, चाक फिरलं आणि अख्खी खिडकी सर्रकन वर गुंडाळली गेली. नुसती पट्टी उरली, आणि खिडकीच्या मागं जे होतं ते दिसू लागलं. चाक उलटं फिरवलं, खिडकी खाली. दुकानाच्या शटरसारखं. ताईंनी ते इतक्या वेळा वरखाली केलं, की दादा दारावरच्या पडद्यातून डोकावून गेले.

बहुतेकांनी अशी गोष्ट बघितली असती आणि सोडून दिली असती. ताईंना तिचा उपयोग सापडला, आणि तो लवकरच इतका अंगवळणी पडला की उपयोग आहे हेही त्या विसरून गेल्या.

उपयोग असा. जुना फोटो दुरुस्त करताना सगळ्यात मोठा धोका म्हणजे तो चांगला होणं. डाग जातो, भेग भरते, गाल गुळगुळीत होतो, आणि या सगळ्या सुधारणेत माणूस हळूच बदलून जातो. करणाऱ्याला ते कळत नाही, कारण तो तासन्‌तास तेच तोंड बघत असतो. म्हणून ताई मूळ फोटोची खिडकी आणि दुरुस्त फोटोची खिडकी बरोबर एकावर एक ठेवायच्या. मूळ वर. शटर वर केलं की खालचा दुरुस्त चेहरा, खाली केलं की मूळ. वर, खाली, वर, खाली. कुठं काही सरकलं असेल तर चेहरा टुणकन उडी मारायचा: भुवई इथून तिथं, नाकाचा शेंडा जरा आत. उडी दिसली की ताई ती जागा पुन्हा करायच्या. काहीच उडालं नाही, की काम झालं.

मग सिस्टिमची नवी आवृत्ती आली. नवं बघायला ताई नेहमीच पहिल्या. त्यांनी बटण दाबलं, यंत्र बंद होऊन चालू झालं, अक्षरं जरा देखणी झाली होती. दुपारी त्यांनी सवयीनं पट्टीवर चाक फिरवलं. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. सेटिंग्जमध्ये शोधलं. शटर नव्हतं. पूर्वी जिथं त्याचा पर्याय होता तिथं आता कोपरे गोल करायचा पर्याय होता.

"गेलं तर गेलं," ताई म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांना तसंच वाटलं.

त्याच सुमारास प्लंबर आला. शहराच्या या भागातले निम्मे नळ त्याच्या हाताखालून गेलेले. त्यानं शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पाकीट, पाकिटातून फोटो.

"आई आहे," तो म्हणाला. "पाण्यानं गेलाय."

"कसलं पाणी?"

"भिंतीतला पाइप गळत होता." जरा थांबून म्हणाला, "माझ्याच घरातला."

ताईंनी सभ्यपणे चष्मा पुसायला घेतला. पुढच्या खोलीतून दादांचा खोकला ऐकू आला, पण दादाही सभ्य असल्यामुळे तो तेवढ्यावरच थांबला.

फोटोतल्या बाईचा उजवा अर्धा चेहरा शाबूत होता. डाव्या अर्ध्याचा डाग झाला होता, आणि त्या डागात दोन बेटं उरली होती: भुवईचा एक तुकडा आणि ओठांचा कोपरा.

"दुसरा एखादा फोटो?"

"नाही. हा एकच. तो पण गेला तर आईचा चेहरा फक्त माझ्या डोक्यात राहील, आणि डोक्याचा काय भरवसा. पोरं विचारतात, आजी कशी होती. मी सांगतो, आणि सांगताना दर वेळी जरा वेगळीच सांगतो असं वाटतं."

ताईंनी काम मनापासून केलं. डाव्या बाजूला काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी या धंद्यात सगळे करतात तेच केलं: शाबूत अर्धा उचलला, आरशात पडतो तसा उलटा केला आणि डाव्या बाजूला बसवला. सांधा मिटवला, सावली दिली. शटर नव्हतं, म्हणून दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून पुन्हापुन्हा ताडून पाहिलं. ठीक वाटलं. दादांना दाखवलं. दादा म्हणाले, तुझ्या हातचं आजवरचं सगळ्यात सुबक काम.

प्लंबरनं फोटो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ बघितला.

"छान झालाय," तो म्हणाला. "फारच छान." मग अवघडून, भलत्याच घरच्या लग्नाच्या पंगतीत येऊन बसल्यासारखं, त्यानं विचारलं, "ही कोण?"



"म्हणजे दिसते तिच्यासारखीच," तो घाईनं म्हणाला. "तिला बहीण असती ना, तर अशीच दिसली असती. पण बहीण नव्हती."

ताईंनी फोटो परत घेतला, थोडा अवधी मागितला. तो गेल्यावर दादा म्हणाले, "अर्ध्या तोंडावरून अख्खं माणूस कोण काढणार? होता होईल तेवढं तू केलंस."

"मी केलं ते चुकलं, दादा. आणि चुकलंय ते मला दिसत नाही. हे पहिल्यांदा होतंय."

आता शटर गेलं तर गेलं असं म्हणून चालणार नव्हतं. ज्यांनी सिस्टिम बनवली त्यांच्या चर्चाही सगळ्यांना वाचता येतात, हे ताईंना माहीत होतं. शोधत शोधत त्या नेमक्या पानावर पोचल्या. शटर काढून टाकावं असं कुणीतरी सुचवलेलं, दुसऱ्या कुणी होकार दिलेला. कारण लिहिलं होतं: सांभाळायला त्रास होतो आणि वापरणारं जवळजवळ कुणी नाही. आपण जवळजवळ कुणी नाही या वर्गात मोडतो, हे ताईंनी दोनदा वाचून नीट समजून घेतलं.

"तक्रार करू," दादा म्हणाले. अर्जाच्या भाषेवर त्यांचं प्रभुत्व होतं. "लिही. महोदय, वरील विषयास अनुसरून..."

"वर विषयच नाही."

"मग आधी विषय लिही."

ताईंनी शब्दकोश उघडून, जमेल तसं इंग्रजीत, चार ओळी लिहिल्या: मी ते रोज वापरत होते, ते गेल्यापासून माझं काम बिघडलं, परत मिळेल का. दादांना पत्र फार उघडंबोडकं वाटलं. खाली आपला विश्वासू तरी लिही म्हणाले.

उत्तर आलं. लिहिणाऱ्याच्या नावापुढं त्याच्या चेहऱ्याऐवजी एका किटलीचं चित्र होतं, म्हणून घरात त्याचं नाव किटली पडलं. किटली मोकळा माणूस होता. म्हणाला, या आवृत्तीत तरी परत येणार नाही, खोटं कशाला सांगू. पण मला कुतूहल आहे. दोन फोटो शेजारी का ठेवत नाही? खिडकी मिनिमाइझ का करत नाही? फोटोच्या प्रोग्रामात एकावर एक थर ठेवता येतात, ते का नको? आणि शटर वर गेल्यावर तुम्ही नेमकं बघता तरी काय?

"तुला येडी समजतोय," दादा म्हणाले.

"नाही रे. हा खरंच विचारतोय."

आणि प्रश्न रास्त होता. ताईंनी आयुष्यभर इतरांच्या वस्तू उघडून बघितल्या होत्या. स्वतःची सवय उघडून बघायचं त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. थर का नको? एकदा मूळ फोटोच्याच थरावर रंगवून बसल्या होत्या, तेव्हापासून मूळ वेगळ्या खिडकीत ठेवायचा असा त्यांनी स्वतःला दंडक घालून घेतलेला. पण हे पुरतं कारण नव्हे, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं.

त्यांनी दादांना खुर्चीत बसवलं.

"काय करायचंय?"

"फक्त बघायचं. डाग सोडून दोन्ही फोटोंत फरक काय ते सांग."

"आणि तू काय बघणार?"

"तुला."

ताई पडद्याच्या बाजूला, दादांच्या तोंडासमोर स्टूल घेऊन बसल्या. आधी प्लंबरच्या आईचे दोन्ही फोटो, मूळ आणि दुरुस्त, शेजारी शेजारी. दादांचे डोळे डावीकडे गेले, उजवीकडे गेले, परत डावीकडे. टेनिस बघतात तसे. "सारखेच आहेत," दादा म्हणाले. मग मिनिमाइझ. खिडकी लहान लहान होत खालच्या कोपऱ्याकडे उडत गेली आणि दादांचे डोळे तिच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून परत आले तेव्हा कशासाठी गेलो होतो हे विसरलेल्या माणसासारखे दिसत होते. "सारखेच." मग थर. थर चालू-बंद करायचं इवलंसं बटण पडद्याच्या कडेला होतं. दादांनी ते शोधलं, चष्म्यावरून शोधलं, दाबलं, आणि मग चेहऱ्याकडे बघितलं. "सारखेच आहेत गं. किती वेळा सांगू."

शटर तर आता नव्हतं. ताईंनी दोन्ही फोटो एकाच मापात छापले, मूळ वर येईल असे एकावर एक ठेवून वरची कड चिकटपट्टीनं जोडली आणि दादांच्या हातात दिले. "वरचा कागद उचल, सोड. उचल, सोड."

दादांनी उचलला, सोडला. ताईंनी पाहिलं: डोळे जागचे हलले नव्हते.

"अरेच्चा," दादा म्हणाले. "तोंड हललं."

"कुठं?"

"इथं. कोपरा. वरच्यात खाली आहे, खालच्यात वर जातो." त्यांनी आणखी दोनदा कागद उचलला. "वरच्यात ही काहीतरी गिळतेय. खालच्यात आपली नुसती बसलीय."

डागात उरलेला ओठांचा कोपरा हा त्या बाजूचा एकमेव खरा पुरावा होता, आणि उलटा केलेला अर्धा चेहरा नेमका त्याच्यावर बसवून ताईंनी तो झाकला होता. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या केल्या होत्या. अशा बायका फक्त साबणाच्या खोक्यांवर असतात.

त्यांनी किटलीला लिहिलं, की तुमच्यामुळे मला माझंच कळलं. मला शटर नको होतं. फोटो बदलताना माझा डोळा चेहऱ्यावरून हलता कामा नये, एवढंच हवं होतं. डोळा दुसरीकडे जाऊन आला की तो आधीचं विसरत नाही, पण माफ करून येतो.

किटलीचं उत्तर तासाभरात. हे वाक्य मी आमच्या चर्चेत चिकटवलंय, म्हणाला, आणि तिथं आता भांडण लागलंय, त्याबद्दल आभार. तुमच्यासाठी एक गोष्ट आधीपासून आहे. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये बघा, वरची खिडकी खालच्या खिडकीमागं टाकणे. तिला हवं ते बटण द्या. काही उडत नाही, काही सरकत नाही.

ताईंना ती ओळ ठाऊक होती. तिच्यावर त्यांनी एकदा बटण ठेवूनही पाहिलं होतं आणि हिचा कुणाला काय उपयोग, असं म्हणून काढून टाकलं होतं. वापरणारं जवळजवळ कुणी नाही, असं त्यांनाही वाटलं होतं. आता कीबोर्डवर वरच्या रांगेत जे एक बटण असतं, ज्याला आजवर कुणी कशासाठी हात लावलेला नाही, ते त्यांनी या कामाला जुंपलं. दोन्ही खिडक्या एकावर एक. टक्‌, मूळ. टक्‌, दुरुस्त. डोळा जागेवर.

मग त्यांनी उलटा केलेला अर्धा चेहरा पुसून टाकला आणि नव्यानं सुरुवात केली, या वेळी बेटांपासून. भुवईचा तुकडा आणि ओठांचा कोपरा यांना हात न लावता बाकीचा गाल त्यांच्यापर्यंत नेला. सगळं जुळवून झाल्यावर डावा गाल किंचित आत ओढलेला दिसू लागला. तसा का, ते ताईंना कळेना. दादा म्हणाले, जरा भर की तिथं, आजारी दिसतेय. ताईंनी भरला नाही. छापलाही नाही. त्यांनी प्लंबरला बोलावून घेतलं आणि पडद्यासमोर बसवलं.

"हे बटण दाबत राहा. काही चुकलं असेल तर सांगा."

त्यानं हात पँटला पुसले. टक्‌. डाग. टक्‌. आई. पुन्हा डाग. दादा गिऱ्हाईक सोडून दारावरच्या पडद्याशी येऊन उभे राहिले. ताईंना वाटलं, आता हा पुन्हा छान म्हणतो की काय.

"इथं," शेवटी प्लंबरनं पडद्याला बोट लावलं, आणि ते ओलसर आहे हे लक्षात येऊन मागं घेतलं. "गाल आतून चावलाय तिनं."

"चावलाय?"

"बोलायचं असायचं पण बोलायचं नाही असं ठरलं, की गाल चावायची. एवढंच दिसायचं. मग आम्ही सगळे गप." त्यानं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि आईवर थांबला. "हीच."

प्लंबर काही उठेना, आणि त्याला उठवावं असं ताईंना वाटेना.

"काय बोलायचं असेल हो त्यांना?" ताईंनी विचारलं. "फोटोवाल्याला?"

"कुणास ठाऊक. विचारायची आमच्यात कुणाची टाप नव्हती."

"तरी पण. अंदाजानं?"

तो विचार करू लागला. ताईंनी प्रिंटर चालू केला, आणि तो तयार होईपर्यंत स्टूल त्याच्या खुर्चीजवळ ओढून त्या बाईच्या गालाकडे बघत बसल्या.